आठ महिन्यांचा अबोला

माझा थोरला भाऊ आठ महिने माझ्याशी बोलला नाही. कारण एवढंच, की मी त्याच्या एका गोष्टीतलं वर्ष दुरुस्त केलं होतं.

घरातली दहाबारा माणसं जमली होती आणि दादा वक्तृत्व स्पर्धेची गोष्ट सांगत होता. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की तो कुठे थांबणार, कुठे आवाज खाली आणणार, सगळं आम्हाला पाठ आहे. कॉलेजचं दुसरं वर्ष. गच्च भरलेलं सभागृह. भाषण संपल्यावर क्षणभराची शांतता, मग टाळ्या, आणि परीक्षकांपैकी एकजण खाली उतरून त्याचा हात हातात घेतात. मी सहज म्हणाले, "दादा, ते दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी. माझं तेव्हा शाळेचं शेवटचं वर्ष होतं ना!"

बाकी कुणाचं लक्षही गेलं नसेल. पण मी त्याच्या समोरच बसले होते. त्याचा चेहरा उतरला. ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत जे काही आलं, त्याला मी तेव्हा राग समजले. त्याने गोष्ट अर्धवट सोडली, उठला आणि निघून गेला. त्यानंतर आठ महिने फोन नाही, निरोप नाही. वहिनीशी फोनवर बोलताना मागे त्याचा आवाज ऐकू यायचा. माझं नाव निघालं की तो थांबायचा.

त्या आठ महिन्यांत मी नार्सिसिझमवर, म्हणजे स्वतःतच गुंतून राहण्याच्या वृत्तीवर, हाताला लागेल ते वाचलं. खरं सांगायचं तर समजून घेण्यासाठी वाचलं नाही. मला एक शिक्का हवा होता, दादाच्या कपाळावर मारायला. आणि शिक्के आजकाल मुबलक मिळतात. नवरा ऐकत नाही, साहेब श्रेय लाटतो, मैत्रीण सतत स्वतःचे फोटो टाकते, सगळे नार्सिसिस्ट. वाचत गेले तसा शिक्का हातातच राहिला आणि मला वेगळंच काही दिसायला लागलं.

आधी शब्दाबद्दल थोडं. मराठीत आत्मरती, आत्मप्रेम, आत्ममुग्धता असे शब्द वापरतात. मला त्यातल्या त्यात आत्ममुग्धता बरा वाटतो. स्वमग्नता मात्र कृपा करून म्हणू नये. तो शब्द आपण ऑटिझमसाठी वापरतो आणि त्या मुलांचा या गोष्टीशी काही संबंध नाही. पण आत्ममुग्धता या शब्दातही एक फसगत आहेच. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वतःवर भाळलेला आहे, म्हणजे आतून खूश असणार. दादाला मी आयुष्यभर जवळून पाहिलं आहे. तो फार क्वचित खूश असतो.

ज्या गोष्टीवरून हे नाव आलं तीसुद्धा आपण अर्धीच लक्षात ठेवली आहे. रोमन कवी ओव्हिडने ती सुमारे २००० वर्षांपूर्वी सांगितली. नार्सिसस हा देखणा तरुण पाण्यात वाकून बघतो तेव्हा समोर दिसतो तो आपणच आहोत हे त्याला आधी कळतच नाही. पाण्यात दुसरं कुणीतरी आहे असं समजून तो हात पुढे करतो. पाणी हलतं, प्रतिमा मोडते, आणि तो कासावीस होतो. हा मीच, हे नंतर उमगतं, आणि उमगल्यावर तो तिथेच झुरून मरतो. त्याच्या जन्मानंतर टायरेसियस या द्रष्ट्याने सांगून ठेवलेलं असतं की हा दीर्घायुषी होईल, पण स्वतःला ओळखलं नाही तरच. आणि त्याच्यावर भाळलेली वनदेवता एको? तिला आपण विसरूनच जातो. तिला स्वतःहून बोलता येत नाही, दुसऱ्याच्या वाक्याचे शेवटचे शब्द तेवढे परत उच्चारता येतात. नार्सिससपायी तीही झिजते, शेवटी नुसता आवाज उरतो. आमच्या घरात एको कोण, हे सांगायला नको.

मानसशास्त्रात हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं, १८९८ मध्ये हॅवलॉक एलिस आणि १८९९ मध्ये पाउल नेके यांच्या लिखाणातून. त्याला खरं वजन आलं ते १९१४ मध्ये, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या निबंधामुळे. फ्रॉइड म्हणतो की सुरुवातीला बाळाचं सगळं प्रेम स्वतःपाशीच असतं, हळूहळू ते बाहेर माणसांकडे वळतं, आणि काही प्रसंगी पुन्हा आत ओढलं जातं. त्यासाठी त्याने दाढदुखीचं उदाहरण दिलं आहे. दाढ ठणकत असेल तर माणसाचा सगळा जीव त्या दाढेच्या भोकात जाऊन बसतो, बाहेरच्या जगाशी त्याला देणंघेणं राहत नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. दादाची दाढ कायम ठणकते आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं. माझी शस्त्रक्रिया झाली त्या आठवड्यात त्याने फोन केला आणि चाळीस मिनिटं स्वतःच्या बढतीबद्दल बोलला. ते मी कधी विसरले नव्हते. दाढदुखीवाल्याने 'तुझी तब्येत कशी आहे' असं विचारलं नाही, म्हणून आपण त्याला कठोर म्हणतो का?

पण दुखतंय कुठे, आणि कशानं?

इथे दोन मनोविश्लेषक समोर येतात. दोघंही व्हिएन्नात जन्मलेले, दोघांनीही मोठं काम अमेरिकेत केलं, आणि या एका विषयावर दोघांचं पटलं नाही. हाइन्झ कोहूट म्हणतो, ही भूक आहे. प्रत्येक लहान मुलाला कुणाच्या तरी डोळ्यांत चमक दिसावी लागते: तू आहेस, तुझ्या असण्याचा मला आनंद आहे. शिवाय ज्याच्याकडे मान वर करून बघावं असं एक मोठं माणूस लागतं. दोन्ही पुरेसं मिळालं की ती गरज मुरते, आत स्वतःबद्दलची एक शांत खात्री तयार होते. नाही मिळालं तर माणूस वयाने वाढतो आणि ती चमक प्रत्येक चेहऱ्यावर शोधत राहतो. ऑटो कर्नबर्गचं म्हणणं जास्त कडक आहे. त्याच्या मते हा फुगवलेला मी म्हणजे एक बांधकाम आहे, संरक्षणासाठी उभारलेलं. मी जसा आहे, मी जसा असायला हवा होतो, आणि माझ्यावर जसं प्रेम करणारं कुणी असायला हवं होतं, या तिन्हींची सरमिसळ करून ते उभं राहतं. स्वतःतलं जे नकोसं आहे ते दुसऱ्यावर ढकललं जातं. भिंतींच्या आत असूया असते आणि भयंकर संताप.

जाणकार यावर अजूनही वाद घालतात. मला विचाराल तर लहानपणीच्या दादाबद्दल कोहूट बरोबर आहे आणि पन्नाशीच्या दादाबद्दल कर्नबर्ग.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने, जो मनोविश्लेषकही होता, १९६७ मध्ये एक फार साधी गोष्ट लिहिली. बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघतं तेव्हा त्याला काय दिसतं? स्वतःच. आई त्याच्याकडे जशी बघते तसं ते स्वतःला दिसतं. पण आई तिच्याच विवंचनेत असेल, तर बाळाला तिथे आरसा सापडत नाही, चेहरा सापडतो, आणि ते तो चेहरा वाचायला शिकतं. आज हवा कशी आहे, आज काय केलं तर चालेल. दादा माणसांचे चेहरे विलक्षण वाचतो. खोलीत शिरल्या शिरल्या त्याला कळतं की इथे कुणाला काय आवडेल. लहानपणी मला ती जादू वाटायची.

आमच्या घरात चेहरा वाचावा लागायचा तो बाबांचा. बाबा दादावर जीव टाकायचे, यात शंका नाही. पण त्यांच्या मायेला एक विशिष्ट आकार होता. दादा 'चांगला' नव्हता, तो 'इतरांपेक्षा वरचढ' होता. पाहुण्यांसमोर त्याला उभं करून भाषण म्हणायला लावायचे. त्याच्या वर्गातली बाकीची मुलं बाबांच्या तोंडी नेहमी सामान्य असायची. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपण हसून सोडून देतो. नेदरलँड्समध्ये ५६५ मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा सहा-सहा महिन्यांच्या अंतराने अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ७ ते १२ वर्षांची मुलं. आपलं मूल इतरांपेक्षा खास आहे, त्याला जास्त मिळायला हवं, असं मानणाऱ्या आईवडिलांच्या मुलांमध्ये पुढे आत्ममुग्धता वाढलेली दिसली. ज्यांना घरात ऊब मिळत होती, त्यांच्यात आत्मसन्मान वाढलेला दिसला. मोठेपणाचा वर्षाव आणि ऊब या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या असतात हे मला त्यातून नीट समजलं. ऊब तुम्ही आहात म्हणून मिळते. मोठेपणा टिकवावा लागतो.

हे वाचत असताना एका रात्री मला ते दुसरं वर्ष आठवलं.

दादा दुसऱ्या वर्षीही त्याच स्पर्धेत उतरला होता. तेव्हा त्याचा दुसरा नंबर आला. तो घरी आला, हातातलं प्रशस्तिपत्र त्याने टेबलावर ठेवलं. बाबांनी ते उचललं, वाचलं, परत ठेवलं आणि आतल्या खोलीत गेले. ओरडले नाहीत, एक शब्दही बोलले नाहीत. चार दिवस बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर त्यांची नजर दादाच्या जागेवरून अशी सरकून जायची, जणू तिथे कुणी बसलेलंच नाही. आईने मला खुणेने गप्प बसवलं होतं. चौथ्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठले तर दादा अंधारात बसून पुढच्या वर्षाचं भाषण पुटपुटत होता.

मी एवढी माणसं जमलेली असताना कुठल्या वर्षाला हात घातला होता, ते मला तेव्हा कळलं. त्याने त्या गोष्टीतून एक अख्खं वर्ष पुसून टाकलं होतं. तिसऱ्या वर्षाचा विजय उचलून दुसऱ्या वर्षाच्या जागी नेऊन ठेवला होता. आणि तो खोटं बोलत नव्हता; त्याच्या मनात ते खरोखर तसंच होतं, असं मला आज वाटतं. मी 'तिसऱ्या वर्षी' म्हणाले आणि दुसरं वर्ष परत खोलीत येऊन बसलं, सगळ्यांच्या देखत.

या सगळ्याच्या मुळाशी लाज आहे. अपराधी वाटणं वेगळं: मी चूक केली. ती सुधारता येते, माफी मागता येते. लाजेत मीच चूक असतो, आणि त्यावर उपाय सापडत नाही. कोहूटने १९७२ मध्ये ज्या संतापाबद्दल लिहिलं तो या लाजेतून उसळतो, आणि म्हणूनच तो कारणाच्या मानाने एवढा मोठा असतो. तो इतका झटकन येतो की लाज वाटली हे त्या माणसाला स्वतःलाच समजत नाही. १९९८ मध्ये ब्रॅड बुशमन आणि रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग प्रसिद्ध केला: लोकांना निबंध लिहायला सांगितला, काहींच्या निबंधावर अपमानकारक शेरे दिले, आणि मग एका स्पर्धेत शेरे देणाऱ्याच्या कानात कर्कश आवाज सोडण्याची संधी दिली. आत्ममुग्धता जास्त आणि अपमानही झालेला, अशा लोकांनी सगळ्यात जास्त कठोरपणा केला. दादाने माझ्या कानात आवाज सोडला नाही. त्याने त्याला येत असलेलं हत्यार वापरलं, जे त्याच्यावर वापरलं गेलं होतं.

यात एक चक्र आहे आणि ते फिरतं कसं हे पाहण्यासारखं आहे. २००१ मध्ये कॅरोलिन मॉर्फ आणि फ्रेडरिक रोडवॉल्ट यांनी मांडलं की आत्ममुग्धता हा नुसता स्वभाव म्हणून बघू नका, ते एक अखंड चाललेलं काम आहे. आपण थोर आहोत ही समजूत डळमळती आहे, म्हणून तिला बाहेरून टेकू लागतो. टेकू माणसांकडूनच मिळणार, म्हणून माणसांना भुरळ घालायची. पण त्यांची खरी पर्वा नाही, त्यामुळे ती दुरावतात. दुरावली की समजूत आणखी डळमळते. डेल्रॉय पॉलहस यांनी १९९८ मध्ये सात आठवडे भेटणाऱ्या गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीला अशी माणसं इतरांना हुशार, मनमिळाऊ, रंगतदार वाटली. सातव्या आठवड्यापर्यंत तेच लोक त्यांच्याबद्दल वाईट बोलू लागले होते. दादाचे जिवलग मित्र किती झाले याची मोजदाद नाही. जुने मात्र कुणी नाहीत.

कौतुक त्याच्यात साठत नाही, हे बघणं सगळ्यात अवघड होतं. त्याला कामात एक मानाचं पद मिळालं त्या रात्री तो लहान मुलासारखा आनंदात होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो कुणी अभिनंदन केलं नाही याची यादी करत होता. बुडाला भोक असलेली घागर. मी वर्षानुवर्षं तिच्यात पाणी ओतलं आणि मनात चिडत राहिले की हिचं कधी भरतच नाही कसं.

आता माझं. पॉल विंक यांनी १९९१ मध्ये आत्ममुग्धतेचे दोन चेहरे दाखवून दिले. एक मिरवणारा. दुसरा दबलेला, हळवा, पटकन दुखावणारा, वरून नम्र, आणि आतून सतत वाट पाहणारा की कधीतरी कुणीतरी मला ओळखेल. त्या दुसऱ्या चेहऱ्याचं वर्णन वाचताना माझे कान तापले. मी स्वतःबद्दल बोलत नाही. मी ऐकून घेते. आणि कुणी कुणी मला विचारलं नाही, याचा हिशेब माझ्याकडे तारखेनिशी आहे. दादाची ती चाळीस मिनिटं मी मोजली होती. बाबांच्या घरात आम्ही दोघंही होतो. त्याच्यावर प्रकाश पडला, माझ्यावर पडला नाही. भूक सारखीच होती. त्याने हात पसरून मागितलं, मी न मागण्याचा मोठेपणा घेतला.

म्हणून कुणाच्या कपाळावर शिक्का मारण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. आजार म्हणून याची नोंद अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० पासून आहे, नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावी लागतात, आणि ते ठरवणं प्रशिक्षित माणसाचं काम आहे. बाकी आपण सगळे या पट्टीवर कुठे ना कुठे आहोत.

पण एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे, कारण मी वहिनीला पाहिलं आहे. कारण समजलं म्हणजे सोसण्याची सक्ती होत नाही. दादाचं बालपण मला आता दिसतं, म्हणून त्याने वहिनीला चारचौघांत कापून टाकावं हे चालत नाही. तिने अलीकडे एक नवी गोष्ट सुरू केली आहे: तो तसं बोलला की ती शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जाते, आणि तासाभराने नेहमीसारखी बोलते. ओरडा नाही, अबोलाही नाही. त्या दोन्हींच्या मधलं काही आमच्या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

अशा माणसाला दुसऱ्याचं दुःख दिसत नाही असं आपण म्हणतो. दिसतं, बहुधा ते आपलं करून घेणं त्याला झेपत नाही. एरिका हेपर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आत्ममुग्धता जास्त असलेल्या लोकांना दुःखी माणसाची कहाणी दाखवताना किंवा ऐकवताना 'स्वतःला त्या माणसाच्या जागी ठेवून पाहा' एवढं सांगितलं, तर त्यांची सहानुभूती वाढते, हृदयाची गतीसुद्धा इतरांसारखी बदलते. म्हणजे यंत्र बिघडलेलं नसतं, बंद ठेवलेलं असतं. आणि वयही थोडं काम करतं. २०२४ मधल्या एका विश्लेषणात, ३७,००० हून अधिक लोकांच्या माहितीवरून, असं दिसलं की बालपणापासून म्हातारपणापर्यंत ही वृत्ती सरासरीने हळूहळू उतरत जाते. इतरांच्या तुलनेत मात्र माणूस जिथे होता साधारण तिथेच राहतो. आशा ठेवावी इतकं आहे, फार नाही.

आठ महिन्यांनी एका संध्याकाळी त्याचा फोन आला. काही झालंच नव्हतं अशा आवाजात. कामाचं बोलला, गुडघ्याचं बोलला. मग कशावरून तरी पुतणीच्या भाषणाचा विषय निघाला. तिच्या शाळेत स्पर्धा होती, तिचा नंबर आला नव्हता. मी विचारलं, "घरी आली तेव्हा कशी होती रे ती?"

तो थांबला. दादा फोनवर थांबत नाही.

"दारातच उभी राहिली," तो म्हणाला. "माझ्याकडे बघत."

"मग?"

"मग काय. म्हटलं, ये, आधी हातपाय धू."

पुढे नेहमीप्रमाणे गाडी त्याच्या स्वतःच्या स्पर्धेवर आली. गच्च भरलेलं सभागृह, शांतता, टाळ्या. मी ऐकत होते. "तिसऱ्या वर्षी," तो म्हणाला, आणि मग एका दमात, जणू कुणीतरी अडवेल म्हणून, "दुसऱ्या वर्षी दुसरा आलो होतो," आणि लगेच परीक्षकांनी हात कसा हातात घेतला त्याकडे वळला.